आठाचा आकडा आणि बिनचूकताई

बिनचूकताई मोटरसायकल शिकणार आहेत, यावर घरातल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही, आणि यात घरच्यांचा काही दोष नव्हता. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर आडवा धरून वरचा ढीग बोटाने सपाट करणारी बाई उद्या हेल्मेट घालून भरधाव सुटेल, असं कोण म्हणेल?

बिनचूक हे नाव त्यांना प्रयोगशाळेने दिलं होतं. रक्त तपासणाऱ्या एका मध्यम प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं काम करत होत्या आणि बावीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही अहवाल चुकला म्हणून परत आला नव्हता. हजारो माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण सगळी थेंबाथेंबाने. कुणाची साखर, कुणाचं हिमोग्लोबिन त्यांना शेजाऱ्यासारखं ओळखीचं होतं. चेहरा मात्र एकाचाही नाही. नमुना काचेच्या नळ्यांतून मागच्या खोलीत यायचा आणि अहवाल पुढच्या खिडकीतून जायचा. एखाद्या दिवशी नळीवरचा क्रमांक वहीत उतरवताना ताईंच्या मनात यायचं, की गेली सहा वर्षं दर तीन महिन्यांनी येणाऱ्या या साखरेचं नाक कसं असेल? मग त्या स्वतःलाच दटावायच्या आणि पुढची नळी उचलायच्या.

अशात एका सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"गावाबाहेरच्या वस्त्यांतली म्हातारी माणसं इथवर येऊ शकत नाहीत. एक तारखेपासून घरी जाऊन रक्त घ्यायची सोय करतोय. माणूस आपलाच असावा असं मला वाटतं, पण त्याच्याकडे गाडी हवी आणि लायसन हवं. कुणी नसेल तर बाहेरच्या कंपनीला काम देऊन टाकतो."

मागच्या रांगेत एक हात वर झाला. हात कुणाचा ते कळायला डॉक्टरांना चष्मा सारखा करावा लागला.

"ताई? तुम्ही गाडी चालवता?"

"अजून नाही," ताई म्हणाल्या. "पण एक तारखेला अजून बेचाळीस दिवस आहेत."

शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी परीक्षा देता येते, नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा. हा हिशोब ताईंनी हात वर करायच्या आधीच केला होता. बेचाळीस दिवसांत दोन संधी बसत होत्या. तिसरी बसत नव्हती.

ताईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतात. स्वभावाने शांत, पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे कुणाला दुखवायचं नाही असा माणूस. संध्याकाळी ताई म्हणाल्या, "अहो, मी मोटरसायकल घेतेय."

"स्कूटर म्हणायचंय तुला."

"स्कूटर म्हणायचं असतं तर स्कूटरच म्हटलं असतं."

मग त्यांनी कागद पुढे केला. बाहेरच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, स्कूटरचं छोटं चाक त्यात अडकतं. म्हणून मोठं चाक हवं. पण ताईंची उंची चार फूट अकरा इंच आणि मोठ्या चाकाच्या गाड्यांवर बसलं की त्यांचे पाय हवेत. तीन दुपारी टेप घेऊन दुकानं पालथी घातल्यावर त्यांना एकच जात सापडली होती, जिच्यावर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकत होत्या: लहान इंजिनाची, बसक्या सीटची, लांबरुंद हँडलची क्रूझर. सिनेमात दाढीवाले लोक वाळवंटातून नेतात, तिची धाकटी बहीण म्हणा. दाढी हा भाग ताईंनी निकषांत धरला नव्हता.

सासूबाई कोपऱ्यात शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला एवढंच सांग सूनबाई, पडशील ती कुठल्या बाजूला? म्हणजे मी दुसऱ्या बाजूला उभी राहीन."

गाडी मिळाली ती एका निवृत्त पोस्टमनकाकांकडे. अकरा वर्षं त्यांनी तिच्यावरून टपाल वाटलं होतं आणि आता पाठ साथ देत नाही म्हणून ती विकायला काढली होती. गिऱ्हाइकाने गाडी पारखायची असते, पण इथे काकाच ताईंना पारखत होते. चेनला तेल किती दिवसांनी द्याल? टायरमधली हवा कधी बघाल, गाडी चालवून आल्यावर की आधी? "आधी, थंड असताना," ताई म्हणाल्या, "गरम झाल्यावर दाब वाढलेला दिसेल." काकांचा चेहरा असा उजळला, जणू मुलीला चांगलं स्थळ आलं. आत जाऊन त्यांनी एक जाड वही आणली. अकरा वर्षांतल्या प्रत्येक तेलाची, प्रत्येक ब्रेकच्या पट्टीची तारीखवार नोंद. ताईंनी वही उघडली आणि उभ्याउभ्या चाळीस पानं वाचली. गाडीकडे बघायचं राहूनच गेलं.

राहिलं ते महागात पडलं. कागदपत्रांवर गाडीचा रंग काळा होता आणि दारात उभी होती ती डाळिंबी.

"काळीच होती हो," काका ओशाळून म्हणाले. "पण वाटेवरच्या कुत्र्यांनी रंग पाठ केला. लांबून काळी गाडी दिसली की सगळी रस्त्यावर. म्हणून रंगवली."

"मग?"

"आठ दिवस फसली बिचारी कुत्री."

परिवहन कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीला कुत्र्यांशी देणंघेणं नव्हतं. नाव बदलायचं तर रंग जुळला पाहिजे. रंग बदलल्याची नोंद करायची तर ही तीच काळी गाडी आहे याचा पुरावा पाहिजे. ताई शांतपणे परत आल्या, सीटखालून ब्लेडने रंगाची कपची काढली, ती मेणात बसवली, तिचा पातळ काप घेऊन काचपट्टीवर चढवला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून खिडकीशी हजर झाल्या.

"बघा. वरचा थर डाळिंबी. त्याखाली हा काळा. मध्ये धूळ नाही, म्हणजे रंगवण्याआधी नीट धुतलेली आहे."

खिडकीतल्या कारकुनाने बघितलं. मग शेजारच्या खिडकीतल्याला बोलावलं. मग साहेब आले. रांगेतले दोघे-तिघेही येऊन एक डोळा मिटून बघून गेले. पाव तास सरकारी काम बंद होतं आणि कुणाचीही तक्रार नव्हती. शेवटी कारकून काचपट्टी उजेडात धरून हळहळत म्हणाला, "पुरावा पक्का आहे हो बाई. पण यावर शिक्का कुठे मारू?"

ताईंनी पट्टीला एक कागदी लेबल डकवलं. शिक्का लेबलावर बसला. अशा रीतीने गाडी ताईंची झाली आणि काचपट्टी सरकारची.

आता शिकणं. परीक्षेत सगळ्यात अवघड असतो तो आठाचा आकडा: पाय न टेकता, दोन वर्तुळांतून, वेग माणूस चालतो तेवढा. अहोंनी इमारतीमागच्या फरशीवर दोरी आणि खडू घेऊन असा देखणा आठ काढला की पोरीबाळी त्यावर लंगडी खेळायला आल्या. ताईंनी चोक ओढला, बटण दाबलं, आणि ते छोटं इंजिन असं काही समजूतदारपणे धडधडायला लागलं की त्यांच्या मनातली भीती अर्धी तिथेच गेली. उरलेली अर्धी क्लच सोडल्यावर परत आली.

गॅलऱ्या भरल्या. पहिल्या मजल्यावरून सल्ला आला, "क्लच सोडू नका!" दुसऱ्या मजल्यावरून आला, "सोडा, सोडा, एकदम सोडा!" तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कधी सायकलवरही बसलेले नव्हते. ते नुसतंच "बॅलन्स! बॅलन्स!" असं ओरडत राहिले.

फरशीच्या कडेला सोसायटीच्या सेक्रेटरींची एक कुंडी होती. ताईंनी ती पहिल्या फेरीतच हेरली आणि तिला धक्का लागू नये म्हणून तिच्यावर बारीक नजर ठेवली. ताईंच्या वहीत पुढचं असं लिहिलं आहे. प्रयत्न चौथा: कुंडी. प्रयत्न सातवा: कुंडी. प्रयत्न आठवा: कुंडी (नवी). प्रयत्न अकरावा: कचऱ्याचा निळा डबा, कारण कुंडी हलवण्यात आली होती.

बाराव्या दिवशी सेक्रेटरींनी स्वखर्चाने पाटी लावली: 'या आवारात वाहन शिकणे, शिकवणे तसेच वर्तुळाकार फिरवणे यांस सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' ताई वळणावर आल्या, त्यांना पाटी दिसली. कुठलीही लेखी सूचना अर्धवट सोडायची नाही हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. 'हुकुमावरून'पर्यंत त्या पोचल्या तेव्हा पाटीच्या खांबापर्यंतही पोचल्या होत्या.

गाडीला ओरखडा आला नाही. खांब वाकला. सेक्रेटरी खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, आमचं काही म्हणणं नाही. फक्त एकदा आम्हाला कळू द्या की आमचं चुकलं काय?"

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत. अहोंनी हँडल डावीकडे वाकलंय का ते काटकोन मोजायच्या गुण्याने तपासलं. वाकलेलं नव्हतं. "मग दोष माझ्यातच आहे," ताई म्हणाल्या. "दिवस गेले बारा. मला जमणार नाही. मी काचेच्या मागेच बरी." बावीस वर्षांत त्यांनी एखादा निष्कर्ष इतक्या अपुऱ्या पुराव्यावर काढला नव्हता.

सकाळी अहोंनी कुणाला न सांगता पोस्टमनकाकांना आणलं. काकांनी पायरीवर बसून तीन फेऱ्या बघितल्या. तिसऱ्या फेरीत निळा डबा पडला.

"ताई, डबा तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय, नजर त्याच्यावरच तर होती!"

"म्हणूनच. अहो, ही गाडी फार आज्ञाधारक आहे. तुम्ही बघाल तिकडे नेते. डब्याकडे बघितलंत, डब्याकडे नेलं. हँडल आपण हातांनी वळवतो असं आपल्याला वाटतं, पण आधी वळते ती मान."

"मग खड्डा आला तर बघायचं नाही?"

"एकदा बघायचं, नमस्कार करायचा, आणि पुढे बघायचं. मी टपाल वाटताना कायम पुढच्या घराच्या पेटीकडे बघायचो. खड्डे आपोआप मागे जायचे."

आयुष्यभर ताई नळीवरच्या रेघेशी डोळा नेऊन, श्वास रोखून बघत आल्या होत्या. सगळं कौशल्य त्यातच होतं. आणि इथे तेच कौशल्य अचूकपणे कुंड्या फोडत होतं. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'उपकरण निर्दोष. निरीक्षक चुकीच्या जागी बघत होता.'

काकांनी शिकवलं ते थोडं होतं आणि नेमकं होतं. ही गाडी लांब आहे, तिला वळायला घाई करायची नाही. क्लच अर्धा धरायचा, इंजिन जरा बोलतं ठेवायचं, मागचा ब्रेक पायाने नुसता कुरवाळायचा आणि हनुवटी वळणाच्या शेवटाकडे. पुढचा ब्रेक वळणात आठवायचासुद्धा नाही.

हनुवटीचं काम सासूबाईंकडे आलं. त्या फरशीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसत आणि ताई वळायला लागल्या की बोटं वर करत.

"किती?"

"तीन!"

"दोन! अंगठा धरत नाहीत!"

"धरत नाहीत तर वर कशाला करता, आई?"

"रस्त्यावरचे लोक काय नियमाने वागतात? बघ, बोलताबोलता वळलीस की नाही!"

आणि खरंच, ताई वळल्या होत्या. दोन्ही पाय फूटरेस्टवर, निळा डबा उभा. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. "बॅलन्स!" तिसरा मजला समाधानाने म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस सुखाचे गेले. ताई सकाळी टायरची हवा बघायच्या, चेन पुसून तेल द्यायच्या. ती बसकी डाळिंबी गाडी त्यांना फार आवडायला लागली. ती कशाचीही बढाई मारत नव्हती. वेगात मागे पडायची, चढावर दम घ्यायची, पण चाकोरी असो की खडी, लांब अंगाने शांतपणे पार करायची, आणि थांबलं की दोन्ही टाचा जमिनीवर. असा माणूस क्वचित भेटतो.

फक्त तिला पेट्रोलचा काटा नव्हता. ताईंनी एक लाकडी पट्टी घेतली, मोजपात्राने अर्धा अर्धा लिटर पेट्रोल टाकीत ओतत पट्टीवर खुणा केल्या आणि पट्टीचा तक्ता बनवला. परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेसमोर पट्टी बुडवली: पावणेतीन लिटर. निघाल्या. सहाव्या किलोमीटरला गाडी दोन आचके देऊन थांबली. टाकी कोरडी ठणठणीत.

तक्ता बनवला तेव्हा गाडी घरामागच्या फरशीवर साइड स्टँडवर डावीकडे कललेली होती. प्रयोगशाळेसमोर रस्त्याचा उतार असा, की गाडी कलली उजवीकडे. टाकीचं तोंड उजव्या अंगाला, म्हणून पेट्रोल थोडंच, पण पट्टीच्या बाजूला सगळं गोळा झालेलं. असली चूक फक्त पट्टी बनवणाऱ्या माणसाच्याच हातून होते. बाकीचे टाकी हलवून आवाज ऐकतात.

ताईंनी दोन किलोमीटर गाडी ढकलली. वाटेत सेक्रेटरी फिरायला निघालेले भेटले. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली आणि विचारलं, "वहिनी, चालू करून बघितलीत का?"

ताई पोचल्या तेव्हा खिडकी बंद झाली होती. पुढची तारीख मिळाली ती एक तारखेच्या बरोबर आदल्या दिवशीची. डॉक्टरांना सांगायला गेल्या तेव्हा ताईंना त्यांच्या टेबलावर बाहेरच्या कंपनीचं करारपत्र दिसलं. फक्त सही राहिली होती.

शेवटच्या दिवशी टाकी काठोकाठ भरून ताई मैदानावर उभ्या राहिल्या. समोर पांढरा आठ. आणि आठाच्या ऐन कमरेशी, दोन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथून हातभर अंतरावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत परीक्षक बसले होते. अंगाने प्रशस्त, भडक पिवळा शर्ट. कुठल्याही नजरेला आमंत्रण.

"नाव?" त्यांनी विचारलं.

ताईंनी लांबच्या झाडाकडे बघत नाव सांगितलं.

"बाई, मी इकडे आहे."

"माहीत आहे साहेब," ताई झाडाला म्हणाल्या.

"करा सुरू."

अर्धा क्लच. मागचा ब्रेक कुरवाळत. पहिलं वर्तुळ आलं, हनुवटी त्याच्या शेवटाकडे. कमरेशी आल्या तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं मोठं मोठं होऊ लागलं. बावीस वर्षांची सवय म्हणत होती, बघ, किती अंतर राहिलंय ते एकदा नीट बघ. ताईंनी मान वळवली ती दुसऱ्या वर्तुळाच्या टोकाकडे. गाडी मुकाट्याने तिकडे गेली. पुन्हा पिवळं आलं, पुन्हा गेलं. एक आठ, दोन आठ, तीन. पाय एकदाही टेकला नाही. ठेंगणीशी बाई, लांबलचक गाडी आणि दोघींची मिळून अशी काही संथ, गोल लय, की बघणाऱ्याने श्वास त्या लयीत घ्यावा.

ताई थांबल्या. दोन्ही टाचा जमिनीवर.

परीक्षक कागदावर लिहीत म्हणाले, "चालवलीत छान. पण बाई, तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. माझं काही चुकलं का?"

"तसं नाही साहेब. मी ज्याच्याकडे बघते त्याला धडकते. आतापर्यंत तीन कुंड्या, एक डबा आणि एक सूचनाफलक झालाय."

परीक्षकांनी एकदा स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं, एकदा ताजी चाकोरी हातभर अंतरावरून गेली होती तिकडे. मग घाईघाईने शिक्का मारला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावण्याआधी उठून खुर्ची दहा पावलं मागे नेली.

एक तारखेला सकाळी साडेसहा वाजता ताई गावाबाहेर निघाल्या. मागे थंड पेटी बांधलेली. पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर, एका आजींचं. अर्जावरचा क्रमांक ताईंना पाठ होता, सहा वर्षांची तीच साखर. खाली लिहिलं होतं: 'गुडघे पूर्ण निकामी. जिना उतरता येत नाही. सात महिने घराबाहेर नाही.'

दार उघडलं. ताई क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. नाक सरळ होतं, शेंड्याशी जरा वाकलेलं, आणि त्यावर चष्म्याचे दोन लालसर ठसे. ताईंनी यातलं काहीच ठरवून ठेवलेलं नव्हतं.

"काय बघतेस गं?" आजी म्हणाल्या. "लवकर घे रक्त, पोटात कावळे ओरडतायत."

ताईंनी रक्त घेतलं, एका टोचणीत, नळी बरोबर खुणेपर्यंत. आजी बोळा दाबून बसल्या आणि खिडकीशी मान उंचावत म्हणाल्या, "खाली धडधडत आलं ते काय होतं? तुला कोण सोडून गेलं?"

"कुणी नाही. माझीच गाडी आहे. मीच चालवते."

"तू? एवढीशी?"

ताईंनी नळी पेटीत ठेवली, निरोप घेतला आणि खाली आल्या. हेल्मेट घातलं, चोक ओढला, मग लक्षात आलं की जिन्यात काहीतरी खडखडतंय. एक पायरी, थोडं थांबणं. एक पायरी, थोडं थांबणं. शेवटी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कठडा धरून आजी दारात उभ्या. धापा टाकत, बोळा अजून दंडाला चिकटलेला.

"अहो आजी! तुम्हाला जिना उतरता येत नाही ना?"

"नाहीच येत," आजी गाडीवरची नजर न काढता म्हणाल्या.

"मग आता वर कशा जाणार?"

"ते बघू नंतर. तू आधी सुरू कर."